पाण्याच्या काठावर ‘अजून नाही’ म्हणता आले पाहिजे

खानापूर तालुक्यातील एका लहान बाप्टिस्ट मंडळीच्या तरुण पाळकांनी विचारले आहे : आमच्या मंडळीत पस्तीस-चाळीस माणसे आहेत. गावातील आणि नात्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे मेथडिस्ट किंवा कॅथलिक आहेत. काही जण अलीकडे पेंटेकॉस्टल सभांना जातात. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली दोन सुस्थितीतील कुटुंबे आमच्याकडे सभासद होऊ इच्छितात, पण जाणत्या वयाचा बाप्तिस्मा घ्यायला पाण्यात उतरायची त्यांची तयारी नाही. नातेवाईक म्हणतात, ‘तुम्ही आमचा बाप्तिस्मा खोटा ठरवता.’ तरुण मुले मोठ्या सभांकडे ओढली जातात. फलकावरचा ‘बाप्टिस्ट’ हा शब्दच काढून टाकावा, असेही मंडळीतील काही जण सुचवतात. अशा वेळी किती ठाम राहावे आणि कुठे सैल सोडावे?

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात मी एकतीस वर्षे पाळकाचे काम करीत आलो आहे, आणि तुम्ही लिहिलेला प्रत्येक प्रश्न कधी ना कधी माझ्याही दारात येऊन उभा राहिला आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तुमचे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण सगळ्याच बाबतीत ताठ राहणारा पाळक मूळ मुद्दा आणि स्वतःचा हट्ट यांतील फरक लवकरच विसरतो, आणि पुढे मंडळीलाही तो फरक दिसेनासा होतो.

तेव्हा आधी आपण नेमके काय धरून ठेवले आहे, ते पाहू. बाप्टिस्ट मताच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे : एकाच्या वतीने दुसऱ्याला विश्वास ठेवता येत नाही. बापाला मुलाच्या वतीने नाही, पाळकाला मंडळीच्या वतीने नाही, आणि राजाला प्रजेच्या वतीने तर नाहीच नाही. विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा असेल, तर बाप्तिस्माही ज्याचा त्याने मागितला पाहिजे; म्हणून तान्ह्या बाळाला आपण तो देत नाही. अशा रीतीने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची मिळून मंडळी होते. म्हणून तिचे निर्णय बाहेरचा बिशप किंवा एखादे बोर्ड करीत नाही, ती स्वतः बैठकीला बसून, शास्त्र उघडून करते. कुणाच्याही विवेकावर सक्ती चालत नाही. म्हणून सरकारने उपासनेत हात घालू नये आणि मंडळीनेही सरकारच्या किंवा पैशाच्या बळावर माणसे गोळा करू नयेत. या साखळीतील एक कडी काढली की बाकीच्या आपोआप ढिल्या होतात, आणि तिथे तुम्ही सैल सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र उपासना किती वाजता सुरू व्हावी, पाळकाने कोट घालावा की नाही, सतरंजीवर बसावे की खुर्चीवर, यांतले काहीही त्या साखळीत बसत नाही. आमच्याकडे उपासनेत टाळ आणि ढोलकी वाजवावी का, यावर एकदा तीन महिने वाद चालला होता, आणि वडीलधाऱ्यांना तो थेट सिद्धांताचा प्रश्न वाटत होता. ख्रिस्ती भजन नारायण वामन टिळकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठी घराघरांत रुळवलेले असताना आम्ही ढोलकीवर तीन महिने घालवावेत, याची मला आजही लाज वाटते. त्या तीन महिन्यांत बाप्तिस्म्याच्या शिकवणीचा एकही वर्ग झाला नाही.

आता लोकप्रियतेविषयी. ती आपल्या वाट्याला पहिल्या दिवसापासून नव्हती, हे मंडळीला शिकवले पाहिजे. नाहीतर आपल्याच वाट्याला काहीतरी वेगळे दुर्दैव आले आहे, असे लोकांना वाटत राहते. १६०९ मध्ये हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे आश्रयाला गेलेल्या इंग्रजांच्या एका छोट्या गटाने, जॉन स्मिथ यांच्यामागे, स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीवर नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातील थॉमस हेल्विस मायदेशी परतले आणि १६१२ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी पहिल्या जेम्स राजाला स्पष्ट कळवले की राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नाही, आणि प्रजेच्या अमर आत्म्यावर त्याचा अधिकार चालत नाही. ही मोकळीक त्यांनी एकट्या आपल्या गटासाठी मागितली नव्हती. मुसलमान, यहुदी आणि ज्यांना पाखंडी म्हटले जाई त्यांच्यासाठीही मागितली होती. त्यांचा शेवट लंडनच्या न्यूगेट तुरुंगात झाला. एक बारकावा इथे मुद्दाम सांगतो, कारण आपले लोक तो ऐकून चकित होतात : त्या पहिल्या गटाने पाणी ओतूनच बाप्तिस्मा घेतला होता, आणि संपूर्ण बुडवण्याची पद्धत इंग्लंडमधील बाप्टिस्टांत १६४० च्या सुमारास रूढ झाली. बाप्तिस्मा कुणी घ्यायचा, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. कसा घ्यायचा, हा शास्त्र वाचता वाचता नंतर सुटला. आजही हाच क्रम ठेवावा. आपल्याकडे उलटे होते : पाणी किती, यावरच भांडण जुंपते, आणि पाण्यात कोण उभा आहे, हे विचारायचे राहून जाते.

मराठी वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण हवे असेल तर ते १८१२ सालचे आहे. त्या वर्षी अमेरिकेहून पहिल्या मिशनऱ्यांची एक तुकडी दोन जहाजांनी हिंदुस्थानकडे निघाली. सगळे काँग्रिगेशनल मंडळीचे, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे. त्यांतील ॲडोनिराम जडसन यांना बंगालमध्ये विल्यम कॅरी आणि त्यांच्या बाप्टिस्ट सहकाऱ्यांची गाठ पडणार हे ठाऊक होते. त्यांच्यापुढे आपली बाजू मांडता यावी म्हणून जडसन जहाजावर ग्रीक नवा करार उघडून बसले, आणि वाचता वाचता त्यांचीच बाजू ढासळली. पत्नी ॲन यांनी प्रथम विरोध केला, नंतर स्वतः अभ्यास करून त्याही त्याच निष्कर्षाला आल्या. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात कॅरींचे सहकारी विल्यम वॉर्ड यांच्या हातून दोघांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे ज्या मंडळाने त्यांना पाठवले होते त्याचा आधार त्यांना सोडावा लागला. परक्या देशात, पुढचा पैसा कुठून येणार हे माहीत नसताना. १८१३ मध्ये ते रंगूनला पोहोचले आणि पहिल्या ब्रह्मी माणसाच्या बाप्तिस्म्यासाठी त्यांना १८१९ पर्यंत थांबावे लागले. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईला आले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. म्हणजे टिळक ज्या मिशनमध्ये आले ती मराठी परंपरा आणि ब्रह्मदेशातील बाप्टिस्ट परंपरा या एकाच तुकडीतून फुटलेल्या दोन वाटा आहेत. अहमदनगरकडच्या काँग्रिगेशनल वळणाच्या पाहुण्यांशी बोलताना मी ही हकीकत सांगतो. ऐकणारा माणूस जरा सैलावतो, कारण आपण परके नसून चुलतभाऊ आहोत, हे त्याच्या लक्षात येते.

आपल्या भागात बालबाप्तिस्म्याची परंपरा बळकट का आहे, हे समजून न घेता तिच्याविरुद्ध बोलू नका. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे गेले. कोल्हापुरात १८५२ मध्ये सुरू झालेले अमेरिकन मिशनरी काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. खानापूरच्या बाजूला गोव्याशी नाते असलेली कॅथलिक घरे आहेत. आपल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची सोयरीक यांपैकी कुठे ना कुठे आहे. ज्या शाळांत आपले आजोबा शिकले आणि ज्या दवाखान्यांत आपल्या आया बाळंत झाल्या, त्यांतल्या कितीतरी यांच्याच. त्यात आपला शेजार. बारशाशिवाय मूल घरचे झाले असे इथे कुणाला वाटत नाही, आणि लिंगायत घरांत तर तान्ह्या बाळालाच लिंगधारणा होते. अशा ठिकाणी ‘आम्ही बाळाला काहीच करीत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला सिद्धांत न वाटता माया नसल्याचे लक्षण वाटते. म्हणून आमच्याकडे बालअर्पण असते : आईबाप बाळाला घेऊन मंडळीपुढे उभे राहतात, मूल प्रभूच्या शिकवणीत वाढवण्याचे वचन देतात, मंडळी प्रार्थना करते. त्यात पाणी मुळीच वापरायचे नाही, कपाळावर बोटसुद्धा लावायचे नाही, आणि प्रमाणपत्रावर ‘बाप्तिस्मा’ हा शब्द चुकूनही येऊ द्यायचा नाही. एकदा छापखान्यातून जुनाच मजकूर छापून आला होता. ती सगळी प्रमाणपत्रे मी परत केली.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद तुम्हाला त्यांच्याइतकाच नीट मांडता आला पाहिजे. ते म्हणतील की जुन्या करारात सुंता बालकांची होत असे आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सुंता व बाप्तिस्मा शेजारी शेजारी आले आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदियेच्या आणि बंदिशाळेच्या नायकाच्या संपूर्ण घराण्याचा बाप्तिस्मा झाला. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांच्या मुलांना पवित्र म्हटले आहे. यांना उत्तर आहे, पण ते चिडून द्यायचे नाही. कलस्सैकरांच्या त्याच ओळीत बाप्तिस्म्याबरोबर ‘विश्वासाच्या द्वारे’ उठवले जाण्याची गोष्ट आहे. नायकाच्या घरी पौलाने सगळ्यांना वचन सांगितले आणि घरादाराने विश्वास ठेवल्याचा आनंद केला, असे तोच अध्याय सांगतो. आणि करिंथकरांच्या त्या वचनात मुलांइतकाच विश्वास न ठेवणारा जोडीदारही पवित्र म्हटला आहे, त्याला मात्र त्या कारणाने कुणी बाप्तिस्मा देत नाही. एवढे सांगून थांबावे. समोरच्याला विचार करायला रात्र द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातच सुचते. मराठी बायबलने ‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीक शब्द जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, त्यामुळे शब्द ऐकून कृती डोळ्यांपुढे येत नाही. कन्नड बायबलमध्ये त्याच जागी ‘दीक्षास्नान’ आहे. आमच्या मंडळीत दोन्ही भाषांची माणसे बसतात, आणि एका अभ्यासवर्गात गोकाककडच्या एका बाईंनी सहज विचारले, ‘स्नान म्हणजे अंगावर चार थेंब कसे?’ मी तासभर जे समजावत होतो ते त्यांच्या एका वाक्यात बसले. अर्थात एका शब्दावर सिद्धांत उभा करू नये. भाषांतरकार तो शब्द आपापल्या विचाराने निवडतात, आणि यावरूनच एकोणिसाव्या शतकात बंगाली भाषांतराच्या निमित्ताने बाप्टिस्टांचा ब्रिटिश बायबल सोसायटीशी मोठा वाद होऊन १८४० मध्ये त्यांना वेगळी भाषांतर संस्था काढावी लागली होती. पण शिकवताना हा शब्द उपयोगी पडतो.

नातेवाइकांच्या तक्रारीला मी काय उत्तर देतो ते सांगतो. मी म्हणतो : ‘तुमच्या आईबापांनी देवापुढे तुम्हाला नेले, ती त्यांची प्रार्थना होती आणि ती देवाने ऐकली म्हणूनच तुम्ही आज विश्वासात आहात. ती मी खोटी ठरवत नाही. पण ती त्यांची होती. तुमची अजून व्हायची आहे.’ आपण ‘पुन्हा बाप्तिस्मा’ हा शब्द वापरत नाही, तो यासाठीच. आणखी एक आठवण मी त्यांना करून देतो. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी १८९५ मध्ये घेतला. दोघेही बाप्टिस्ट नव्हते, पण दोघेही जाणत्या वयाचे होते, दोघांनी स्वतः कबुली दिली आणि दोघांनी त्याची किंमत मोजली. मराठी ख्रिस्ती समाजाची पहिली पिढी बहुतेक अशीच आली. मतभेद सुरू होतो तो तिच्या मुलांपासून, आणि आपले म्हणणे एवढेच आहे की नातवाचाही विश्वास आजोबांच्या विश्वासासारखाच स्वतःचा असावा.

आता ती दोन कुटुंबे. सभासदत्व आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. याबाबत खुद्द बाप्टिस्टांतही एकमत कधीच नव्हते. परवान्याशिवाय उपदेश केल्याबद्दल बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढलेले जॉन बन्यन पाण्याच्या बाप्तिस्म्यावरील मतभेदाने प्रभुभोजनाची मेज अडवू नये, असे १६७३ मध्ये लिहून गेले. त्यांच्याच काळातील लंडनचे विल्यम किफिन यांनी ते मत खोडून काढले. तेव्हा मेजेबाबत कुणी तुमच्याहून वेगळे वागले तर त्याला बाटलेला समजू नका. माझी पद्धत अशी : प्रभूवर विश्वास ठेवून जगणारा, स्वतःच्या मंडळीच्या शिस्तीखाली असलेला कोणताही पाहुणा भोजनाला बसू शकतो; पण सभासद होऊन मंडळीच्या बैठकीत हात वर करायचा असेल, तर विश्वासाच्या कबुलीवर घेतलेला बाप्तिस्मा हवा. ही अट तुमची व्यक्तिशः नसून मंडळीची आहे, म्हणून निर्णयही तिनेच घ्यावा, आणि तो नियमावलीत आधीच लिहिलेला असावा. विशिष्ट कुटुंब दाराशी उभे असताना नियम करायला बसलो की तो नियम त्या कुटुंबाचा होतो. आणि हे स्पष्ट होईपर्यंत त्यांच्याकडून हॉलच्या भाड्यासाठी एक रुपयाही घेऊ नका. तुम्ही त्यांना ‘सुस्थितीतील’ असे विशेषण लावले आहे. ते तुमच्या लेखणीतून आपसूक आले असेल, तरी त्यावर एकदा विचार करा.

एकत्र नांदण्याचा दुसराही मार्ग आहे, हे मान्य केले पाहिजे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा उत्तर भारतातील काही बाप्टिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या, आणि त्या चर्चने बालबाप्तिस्मा व विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय म्हणून ठेवले. त्यात जाणारे लोक प्रामाणिक होते. पण ज्याला दोन्ही पर्याय सारखेच वाटतात त्याने आधी एक प्रश्न सोडवला पाहिजे : तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा धरून बसलेला माणूस पुढे स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा मागू लागला, तर त्याला काय सांगायचे? तिथे दोन्ही पर्याय एकाच वेळी सांभाळता येत नाहीत.

ज्यांची पाण्यात उतरायची तयारी नाही त्यांचे कारण विचारा, गृहीत धरू नका. निपाणीकडच्या एक आजी, तंबाखूच्या वखारीत उभे आयुष्य गेलेल्या, तीन वर्षे मला ‘माझा झालाय’ एवढेच सांगत. मला वाटे की त्या मताने विरोधात आहेत. एके दिवशी त्यांच्या सुनेने हळूच सांगितले की त्यांचे गुडघे गेले आहेत, दम लागतो, आणि चारचौघांत ओले लुगडे अंगाला चिकटलेले त्यांना सहन होणार नाही. मग आम्ही डॉक्टरांना विचारले. दसऱ्यानंतर वेदगंगेचे पाणी निवळले तेव्हा आदल्या दिवशी काठीने तळ चाचपून वाळूउपशाचे खड्डे कुठे आहेत ते पाहिले. गर्द रंगाचे जाड लुगडे, काठावर चादरींचा आडोसा, थर्मासमध्ये चहा. कमरेएवढ्या पाण्यात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून त्यांना तिच्यावर बसवले, दोन डीकन, म्हणजे मंडळीने नेमलेले सेवक, दोन बाजूंना, आणि खुर्चीसकट मागे कलते करून पाण्याखाली नेऊन वर काढले. वर आल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग म्हणाल्या, ‘एवढंच होतं व्हय?’ तीन वर्षे मी सिद्धांत समजावत होतो. अडचण लुगड्याची होती.

इथे मी ज्या मुद्द्याकडे येत होतो तो येतो. आपले मत टिकते की नाही, याची परीक्षा मेथडिस्ट मेहुण्याशी वाद घालताना होत नाही. ती होते, बाप्तिस्मा मागायला आलेल्या आपल्याच माणसाला ‘अजून नाही’ म्हणायची वेळ येते तेव्हा. विश्वास आधी आणि पाणी नंतर, असे आपण म्हणतो. पण विश्वास आहे की नाही हे न पाहता जाणत्या माणसाला पाण्यात घातले, तर बालबाप्तिस्म्यात आणि त्यात फरक वयाचाच उरला. सेवेच्या तिसऱ्या वर्षी मी हेच केले. एका आठवड्याच्या सभेनंतर एका दुपारी अकरा जणांना बाप्तिस्मा दिला, फोटो काढले, अहवालात आकडा लिहिला. दोन वर्षांनी त्यांतले तिघे उरले होते. बाकीच्या आठांना मी विश्वासात आणले नव्हते. ओले करून घरी पाठवले होते. त्यांतल्या काहींना पुढे ‘आमचा झालाय’ म्हणून वचन ऐकण्याची गरजच वाटेनाशी झाली, हे नुकसान मी केले.

आंध्रातील ओंगोल येथील बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाउ यांनी याच्या उलट केले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचे काम ठेक्याने घेऊन हजारोंना मजुरी दिली, आणि हजारो जण बाप्तिस्मा मागत असतानाही दुष्काळी मदत चालू असेपर्यंत तो थांबवून ठेवला, कारण भाकरीसाठी कुणी पाण्यात उतरू नये. मदत थांबल्यावरही लोक आले. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. या आकड्याचे कौतुक सगळे करतात. त्याआधीच्या नकाराचे कौतुक फारसे कुणी करीत नाही.

नकाराची किंमत मात्र असते. एक तरुण लग्न ठरल्यावर माझ्याकडे बाप्तिस्म्यासाठी आला. मुलीकडच्यांनी अट घातली होती. मी त्याला तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारले आणि तिन्ही वेळा त्याच्या उत्तरात मुलीचे नाव आले, प्रभूचे आले नाही. मी त्याला थांबायला सांगितले. त्याच्या आईने माझ्या घराच्या पायरीवर बसून रडून घेतले. लग्न दुसरीकडे, दुसऱ्या रीतीने झाले. तो परत आला नाही, आणि त्याची आई आजही बाजारात मला पाहून रस्ता बदलते. मी बरोबर वागलो असे मला वाटते; ते वाटणे सुखाचे नाही.

जाणत्या माणसाच्या बाप्तिस्म्याला आपल्या राज्यात कायद्याचीही बाजू आहे. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने मंजूर केले ते बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्येच. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना तीस दिवस आधी कळवण्याची तरतूद होती. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय केला. दुसऱ्या धर्मातून येणाऱ्या कुणाचाही बाप्तिस्मा करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम वकिलाला विचारा आणि तो पाळा. त्या व्यक्तीचे वय, तिची स्वतःच्या हाताने लिहिलेली कबुली आणि शिकवणीच्या तारखा वहीत ठेवा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले की पंचविसाव्या कलमातील प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. या निकालाबद्दल ख्रिस्ती लोकांत नाराजी आहे आणि तिला कारणेही आहेत. पण दुसऱ्याचे मन बदलणे माणसाच्या हातात नाही, हे आपण हेल्विसपासून सांगत आलो आहोत. आमिषाने किंवा धाकाने झालेला बाप्तिस्मा कायद्याने गुन्हा ठरो वा न ठरो, आपल्या मते तो बाप्तिस्माच नसतो.

तरुणांविषयी थोडक्यात. पेंटेकॉस्टल मंडळ्याही विश्वासणाऱ्यालाच, तेही बुडवूनच बाप्तिस्मा देतात. त्या बाबतीत ते आपल्या अधिक जवळचे आहेत, म्हणून त्यांची टर उडवू नका. मुले तिकडे जातात ती बहुतेक गाण्यासाठी आणि समवयस्कांसाठी. आपण त्यांना हाक मारतो ती खुर्च्या लावायला. आमची मुले शाळेत कन्नड शिकतात, घरी मराठी बोलतात, मोबाइलवर हिंदी ऐकतात. त्यांना सिद्धांत शिकवताना मी दोन्ही बायबले उघडून ठेवतो आणि मंडळीच्या बैठकीत त्यांना मत द्यायला लावतो. सोळा वर्षांच्या बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीचे मत आणि सत्तर वर्षांच्या डीकनचे मत आपल्याकडे सारखेच मोजले जाते, हे तिला एकदा प्रत्यक्ष दिसले की दहा प्रवचनांचे काम होते.

दफनाची सोय मात्र आजच पाहा. जुन्या मंडळ्यांच्या दफनभूमीत आपल्याला जागा मिळेलच असे नाही. एका पावसाळ्यात आमच्या एका सभासदाचे शव घरात ठेवून आम्ही दुपारपर्यंत परवानगीसाठी फिरत होतो. ज्यांनी शेवटी जागा दिली ते बालबाप्तिस्मा मानणारेच होते. ठाम राहण्याची किंमत शोकात असलेल्या घराने मोजू नये. शेजारच्या पाळकांशी आधीच बोलून ठेवा, त्यांच्या दुःखात जा, त्यांच्या नाताळाला जा.

फलकाचे विचारलेत, तर शब्द ठेवा. ‘बाप्टिस्ट’ या नावाने तारण होत नाही आणि ते काढल्याने कुणी आत येत नाही. पण आत आलेल्या माणसाला सहा महिन्यांनी कळावे की तुम्ही मूळचे कोण आहात, आणि फलकावर ते लिहिले नव्हते, यात फसवल्यासारखे होते. कन्नड ओळ वर आणि मराठी खाली अशी असेल तर कन्नड अक्षरे जाणकाराकडून तपासून घ्या. आमच्या पहिल्या फलकावर रंगाऱ्याने बाप्टिस्टचा ‘प’ गाळला होता आणि वर्षभर कुणी बोलले नाही. त्या दोन कुटुंबांना या पावसाळ्यात अभ्यासवर्गाला बसू द्या, काही विचारू नका. दसऱ्यानंतर मलप्रभेचे पाणी उतरले की मला कळवा. आमची खुर्ची अजून चांगली आहे, लागली तर पाठवतो.